दगडाबाईंची मूठ

१

आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू. काळ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा, बसायला जाजमं, आणि समोर उजव्या हाताला एक लांब फळी. या फळीवर रविवारी बावीस गाडगी रांगेनं मांडलेली असत. कृष्णाकाठच्या आमच्या कासारवडीत ख्रिस्ती वस्तीची घरं बावीस, म्हणून गाडगीही बावीस. पाळकाची बायको म्हणून ती माझ्या ताब्यात होती, आणि खरं सांगायचं तर देवळातली माझी सगळ्यांत आवडती जागा तीच होती. नवऱ्याचं प्रवचन त्यानंतर.

रीत अशी होती. भाकरीला बसलं की परातीत पीठ घ्यायच्या आधी एक मूठ गाडग्यात टाकायची. आठवडाभर साठलेलं पीठ रविवारी सकाळी देवळात आणायचं. वाटेत उडू नये म्हणून वरून मूठ दाबून ते बसवायचं. दुपारी देऊळ रिकामं झालं की मी एकटी बसून ती गाडगी रांजणात ओतत असे, आणि ज्या घरात कमी पडेल तिथं गाजावाजा न करता पोचवत असे. ही गोष्ट लढाईच्या दिवसांतली. रेशनचा जोंधळा मापानं मिळे आणि तोही किडका. तरी वस्तीतल्या एकाही बाईनं मूठ चुकवली नाही. मला त्या बायांचा फार अभिमान वाटे, अजूनही वाटतो.

या कामाचे दोन नियम होते. रविवारी वस्तीत जातं फिरवायचं नाही, दळण शनिवारीच उरकायचं. आणि जो वाटतो त्यानं रांजणातलं खायचं नाही. हा दुसरा नियम आमच्या पाळकसाहेबांनी केला होता, आणि तो लागू व्हायला अख्ख्या वस्तीत त्यांची बायको तेवढी सापडली होती.

गाडग्याला हात लावण्याआधीच ते कुणाचं हे मला कळे. बयाबाईंचं पीठ भरड आणि मूठ घाईची. नव्यानं लग्न होऊन आलेल्या पोरींच्या मुठी हलक्या, जणू पीठ दुखेल. दगडाबाईंची मूठ तर कुणालाही ओळखता आली असती. लहानपणी उसाच्या चरकात सापडून त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली होती. त्यांच्या पिठावर दोनच खळगे उठत आणि शेजारी एक सपाट जागा राही.

२

दगडाबाई वस्तीच्या सुईण होत्या. माझी पहिली दोन्ही बाळं त्यांच्याच हातात आली, आणि दोन्ही रडली नाहीत. दोन्ही वेळा गळ्याला नाळेचा वेढा होता.

दुसऱ्या खेपेला शुद्धीवर आल्यावर मी त्यांना म्हणाले, "दगडाबाई, तुमचा हात धड असता तर माझं बाळ जगलं असतं."

मी हे बोलले. मी, ट्रेनिंग कॉलेजात शिकून आलेली, रविवारी बायकांना क्षमेवर चार शब्द सांगणारी. तो हात त्यांनी पदराखाली घेतला आणि माझ्या अंगावरची वाकळ सारखी केली.

पुढं दोन वर्षं आम्ही एकमेकींशी नीट बोलत होतो, पण ते वाक्य मध्ये पडलेलंच होतं. त्रेचाळीसच्या ऑक्टोबरात मला तिसरा महिना लागला. मी कुणाला सांगितलं नव्हतं. दगडाबाई विहिरीवर माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग जवळ आल्या.

"बाई, ह्ये तिसरं मी हातात घेतल्याबिगर जायची न्हाई," म्हणाल्या.

तेव्हा माफी मागायला हवी होती. जिभेवर शब्द आलाही होता. पण विहिरीवर चार बायका होत्या, आणि मी नुसती मान हलवली. पंधरा दिवसांनी दगडाबाईंना ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. मागं घरात कुणी नव्हतं. त्यांना ओढ्यापलीकडच्या आमच्या दफनभूमीत पुरलं, माझ्या दोघांच्या जवळच.

घर बंद पडलं की त्या घरचं गाडगं फळीवर पालथं घालायचं, अशी आमच्याकडे रीत. त्या शनिवारी मी दगडाबाईंचं गाडगं हातात घेतलं, पण पालथं घालायला हात होईना. धुऊन, पुसून, तोंड वर करूनच ते जागेवर ठेवलं. पुढच्या रविवारी घालू म्हटलं.

३

प्रवचनानंतर आमच्याकडे मूक प्रार्थना असते. सगळे डोळे मिटतात आणि घटकाभर कुणी बोलत नाही. पत्रा तापून तडतडतो तेवढाच आवाज. त्या रविवारी या शांततेत मला जात्याची घरघर ऐकू आली.

मला आधी रागच आला. रविवारी, आणि तेही उपासनेच्या वेळी दळायला बसलेली ही कोण महामाया? मी एक डोळा उघडून बायकांच्या बाजूला पाहिलं. एकूण एक बाई जाजमावर होती. घरघर चालूच होती. मूठभर दाणे टाकायला थांबावं तशी मध्येच थांबे, आणि पुन्हा सुरू होई. पाळकसाहेबांनी "आमेन" म्हटलं आणि जाजमावर ताठ बसलेल्या पुरुषांनी खाकरायला सुरुवात केली, तेव्हा ती बुडून गेली.

दुपारी किल्ली घेऊन गाडगी ओतायला गेले. दगडाबाईंच्या गाडग्यात पीठ होतं. जास्त नाही, दोन भाकरी होतील एवढं. वर मूठ दाबलेली. दोन खळगे, आणि शेजारी सपाट जागा.

मी सरळ विचार करणारी बाई आहे. म्हटलं, कुणीतरी दगडाबाईंच्या आठवणीनं मूठ टाकली असेल, आणि दोन बोटं मुडपून दाबली असेल. वस्तीत जीव लावणारी माणसं होती. मग मी पीठ ओतायला गाडगं उचललं, आणि ते गरम लागलं. जात्यातून नुकतं निघालेलं पीठ कसं लागतं ते बाईमाणसाला सांगावं लागत नाही.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर सगळ्यांदेखत गाडग्यात बघितलं. रिकामं होतं. दाराला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली, घरी जाऊन जेवले आणि परत आले. पीठ होतं आणि गरम होतं. मी ते रांजणात ओतलं, हात धुतले आणि घरी येऊन कुणाशी काही बोलले नाही.

४

दगडाबाईंच्या घराची किल्ली शेजारच्या बयाबाईंकडे होती. या दोघींचं सांडपाण्याच्या मोरीवरून तीस वर्षं भांडण. दगडाबाई गेल्यावर सगळ्यांत जास्त रडल्या त्या बयाबाईच.

मी त्यांना आडून विचारलं, "बयाबाई, रविवारी दगडाबाईंच्या घरात कुणी दळतं का हो?"

"आवं बाई, कुलूप हाय की. आन दळंल कशावर? वरचा दगूड सयाजीनं न्हेला."

सयाजी दगडाबाईंचा भाचा, शिराळ्याकडचा. माती दिल्यावर बैलगाडी घेऊन आला आणि भांडीकुंडी घेऊन गेला. जात्याचा खालचा दगड जमिनीत पक्का बसवलेला होता, तो निघेना म्हणून राहिला.

"मला एकदा बघू द्या," मी म्हणाले.

बयाबाईंनी कुलूप काढलं, पण त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. रविवार होता, दुपारचे दोन वाजले असतील. आत सगळं मोकळं होतं. भिंतीला फडताळाची रिकामी खूण, कोपऱ्यात चूल, आणि मधोमध जमिनीत तो एकटा खालचा दगड. वर काही नाही. त्याच्याभोवती बोटभर रुंदीचं पिठाचं कडं पडलेलं होतं, पांढरं आणि ताजं, कुठंही न मोडलेलं. मी वाकून दगडाला हात लावला. तो कोमट होता. उन्हाचा कवडसा त्याच्यावर पडत नव्हता, हे मी दोनदा बघितलं.

बाहेर आले तेव्हा बयाबाई माझ्या हाताकडे बघत होत्या. त्याला पीठ लागलं होतं.

"बया, तुम्हाला ऐकू येतं का?"

"मी रविवारी कानात कापूस घालून बसत्ये," त्या म्हणाल्या, आणि कुलूप लावलं.

५

आता माझी भीती सांगते. वस्तीतल्या सगळ्या बायकांना वाटलं असतं तसं मलाही वाटायला हवं होतं, की दगडाबाई मायेनं आपली मूठ पोचवतायत. पण त्यांना मी काय बोलले होते ते फक्त मला ठाऊक होतं. माझी दोघं त्यांच्या हातातून गेली होती, आता त्यांच्याच शेजारी पुरलेली होती. आणि तिसरं हातात घेतल्याशिवाय जायची नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. त्या गेल्या नव्हत्या, एवढं तर दिसतच होतं. मग त्या थांबल्या होत्या कशासाठी? माझं मूल या जगात घ्यायला, की तिकडे न्यायला?

डिसेंबर, जानेवारी असे गेले. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासून सांगितलं, अंगात रक्त नाही, दोन वेळा पोटभर खा. पोटभर म्हणजे काय हे त्या वर्षी पाळकाच्या घरानं विसरायचं ठरवलं होतं. आमच्या वाटणीचं रेशन आमचे साहेब वाटेत भेटेल त्याला देऊन येत. मी वस्तीभर पीठ वाटत होते आणि संध्याकाळी कण्या पीत होते. मी कुरकुर केली नाही असं म्हणणार नाही. भरपूर केली.

दगडाबाईंच्या गाडग्यात मात्र दर रविवारी पीठ वाढत होतं. दोन भाकऱ्यांचं चारांचं झालं, चारांचं सहांचं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मूक प्रार्थना आखूड होत चालली होती. आधी घटकाभर चाले, ती आता डोळे मिटेपर्यंत संपायला लागली. नवऱ्याचं प्रवचन मात्र तेवढंच लांब होतं.

एका रविवारी मी घरी येऊन नवऱ्याला भडाभडा सगळं सांगितलं, फक्त मी दगडाबाईंना काय बोलले होते ते सोडून. ते वाऱ्याची दिशा, नदीपलीकडच्या वाडीतली जाती वगैरे काहीतरी सांगतील अशी माझी अपेक्षा होती. ते तर्कशास्त्र शिकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले, किल्ली घेतली, आणि देवळातून दगडाबाईंचं गाडगं घेऊन आले. पाळक भर उन्हात गाडगं पोटाशी धरून येतोय हे दृश्य अख्ख्या वस्तीनं पाहिलं.

"भाकरी कर," ते म्हणाले.

"आणि नियम?"

"नियम रांजणाचा आहे. हे रांजणात गेलेलं नाही."

"तुम्हालाही ऐकू येतं," मी म्हणाले.

"मला प्रवचनाच्या पुलपिटावरून अधिक स्पष्ट येतं," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

मी भाकरी केली. गाडग्यातली पहिली मूठ मात्र सवयीनं आमच्या गाडग्यात टाकली. भाकरी टम्म फुगली. मी भीत भीत पहिला घास घेतला आणि नंतर चार भाकऱ्या खाल्ल्या. लाज वाटली नाही. रात्री पोटात बाळ इतकं वळवळलं की मला हसू आलं. त्यानंतर दर रविवारी ते गाडगं आमच्या घरी यायला लागलं. माझ्या गालांवर मांस चढलं. मी सुखात होते. आणि दर घासाला एकदा मनात येई, मला पोसणं चाललंय, पण कुणासाठी?

६

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी सगळी वस्ती शिंदीच्या झावळ्या घेऊन गाणी म्हणत गावातून नदीपर्यंत जाते. त्या सकाळी मला कळा सुरू झाल्या. मिरजेहून नर्स सोमवारी यायची होती. साहेब निघायला तयार होईनात.

"पाळक नसला तर हे लोक नदीवरनंच घरी जातील," मी म्हणाले. "पहिली कळ आणि बाळ यांत पुष्कळ वेळ असतो. जा तुम्ही." बयाबाई माझ्यापाशी थांबल्या.

पण या खेपेला वेळ नव्हता. ढोलकी आणि झांजा वेशीपर्यंत पोचल्या नसतील, तोवर बाळाचं डोकं आलं. बयाबाईंनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, नाळंचा येढा हाय. मला न्हाई जमायचं ह्ये. मी कुनाला तरी आनत्ये."

"बया, जाऊ नका," मी म्हणाले, पण त्या दारातून धावत गेल्यासुद्धा. आणायचं कुणाला? बाकी सगळी घरं रिकामी होती.

झांजांचा आवाज लांब जात जात बंद झाला. मग दोन घरं पलीकडून घरघर सुरू झाली. कधी नव्हे इतकी जोरात. भिंतीला टेकलेल्या माझ्या पाठीला ती जाणवत होती. मी जोर लावायचा नाही म्हणून दात आवळून पडले होते आणि ऐकत होते. मग जातं थांबलं.

दाणे टाकायला थांबतं तसं नाही. दळण संपलं की थांबतं तसं.

दार वाजलं नाही. पाऊलही वाजलं नाही. खोलीत ताज्या दळलेल्या जोंधळ्याचा वास आला, इतका की मला शिंक येईल असं वाटलं. मी वर कौलांकडे बघत होते. खाली बघायची माझी हिंमत नव्हती. मी घाबरले होते, आणि तरीही तेव्हा मनात आलं ते भीतीचं नव्हतं.

"दगडाबाई," मी म्हणाले, "चुकलं माझं. तुमचा हात धडच होता."

काही वेळ काहीच झालं नाही. मग एक हात लागला, गरम आणि पिठानं खरबरीत. तेव्हा मी खाली पाहिलं. मला फक्त मनगटापर्यंत दिसलं. पांढरं मनगट, अंगठा आणि दोन बोटं. धड बोटांचा हात जिथं शिरला नसता तिथं ती दोन बोटं नाळेखाली शिरली आणि त्यांनी वेढा डोक्यावरून असा उतरवला, जसा लहान पोराचा सदरा काढतात.

बाळ रडलं. मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ते माझ्या मांडीवर होतं. मुलगी होती.

बयाबाई एकट्याच धापा टाकत परत आल्या. बाळाकडे पाहिलं, नाळेकडे पाहिलं. मग बाळाच्या गळ्याभोवती लागलेलं पीठ पाहिलं. पदराचं टोक ओलं करून त्यांनी ते हलक्या हातानं पुसलं. दाराशी जाऊन त्या रिकाम्या बोळाला म्हणाल्या, "दगडे, सुखानं जा आता. मोरीचं पानी मी माज्या अंगनातनं काढत्ये."

मग येऊन माझ्यापाशी बसल्या आणि रडल्या.

७

सव्वा महिन्यानं मी पहिल्यांदा देवळात गेले. एवढे दिवस गाडगी साहेबच ओतत होते. "एक तुझ्यासाठी ठेवलंय," ते म्हणाले, आणि बाळाला घेऊन बाहेर चिंचेखाली थांबले. त्या रविवारी मूक प्रार्थना पहिल्यासारखी लांब झाली होती, आणि पत्र्याखेरीज काही वाजलं नव्हतं.

दगडाबाईंचं गाडगं जागेवर होतं. तळाला बोटभर पीठ होतं, थंड. त्यावर दगडाबाईंची मूठ दाबलेली. दोन खळगे, आणि शेजारी सपाट जागा.

त्या सपाट जागेत आणखी दोन मुठी होत्या. आवळ्याएवढ्या. प्रत्येकीला जोंधळ्याच्या दाण्याएवढे चार चार खळगे. एक जरा खोल होती, एक अगदी वरवर, जणू हात धरून दाबायला शिकवलेली.

मी फळीपाशी बसले. किती वेळ ते सांगता येत नाही. बाहेर चिंचेखाली साहेब बाळाला भजन ऐकवत होते, बेसूर. माझ्या दोघांना मी कधी हातात घेतलं नव्हतं. घेऊ दिलं नव्हतं कुणी. त्यांना कुणी घेतलं असेल का, हे मी मनात सुद्धा विचारत नसे. मला फार रडू आलं, आणि त्याहून जास्त आनंद झाला. मी त्या दोन मुठींशेजारी माझी मूठ अलगद टेकवली. मग रीतीप्रमाणे गाडगं फळीवर पालथं घातलं. सांडलेलं पीठ पुसलं नाही.

घरी येऊन भाकरीला बसले. परातीत पीठ घेण्याआधी एक मूठ गाडग्यात टाकली. मग आणखी दोन टाकल्या, लहान, चिमटीत मावतील एवढ्या. मुलगी आता चाळिशीला आली. ती विचारते, आई, ह्या दोन कुणाच्या? मी म्हणते, घरच्याच.